शेजारच्या फियाटमध्ये जुने काय उरले?

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्त झाल्यावर 1966 सालची फियाट विकत घेतली. ‘गाडी होती तशी करायची’ असे ते सगळ्यांना सांगतात. पण दर रविवारी तिच्यात काहीतरी नवेच बसवलेले दिसते. आधी अल्टरनेटर, मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आता पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. मग गाडी होती तशी झाली कशी? आणि एवढे बदलायचेच आहे, तर सरळ नवे इंजिन टाकून मोकळे का होत नाहीत?

उत्तर : काकांची बाजू घेतो, पण पूर्ण नाही.

जुनी गाडी उभी करताना दोन कामे एकमेकांत मिसळून चालतात. झिजलेले, गंजलेले पूर्ववत करणे हे एक. जे मुळातच आजच्या रस्त्याला अपुरे पडते ते सुधारणे हे दुसरे. कुंपणापलीकडून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे तुमचा गोंधळ रास्त आहे. कोणता बदल चालवून घ्यायचा हे ठरवण्यासाठी या छंदातली जाणती मंडळी एक कसोटी लावतात : उद्या मनात आले तर हा बदल मागे घेता येईल का? जुन्या गाड्यांच्या क्लबांची ‘फिवा’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिचा ‘ट्यूरिन चार्टर’ही हेच सांगतो की नंतर केलेले बदल डोळ्यांत न खुपणारे आणि मागे घेता येणारे असावेत. ट्यूरिन हे फियाटचेच गाव. काकांना हे सांगून बघा, खूश होतील.

आता त्यांच्या गाडीकडे येऊ. फियाट 1100 चा हा अवतार इटलीत 1953 साली आला. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली. सुरुवातीच्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटले. 1964 पासून सरळ रेषांची 1100 डी आली. काकांची गाडी त्या पिढीतली. तोच साचा पुढे ‘पद्मिनी’ म्हणून विसावे शतक संपेपर्यंत विकला जात होता. म्हणून ‘इतक्या जुन्या गाडीचे पार्ट मिळणार कुठून?’ ही भीती निम्मी खोटी आहे. 1089 सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, ब्रेकचे लायनर यांतले बरेच काही पद्मिनीमुळे अजून मिळते. गाडी अडते ती काचा, क्रोमच्या पट्ट्या, टेललाइटची भिंगे, दाराची हँडले अशा शोभेच्या वस्तूंपाशी. मग कुर्ल्यापासून चोरबाजारापर्यंत पायपीट करावी लागते. या छंदातला निम्मा आनंद मात्र त्या पायपिटीतच असतो, असे मला वाटते.

काकांनी पत्र्याचे काम आधी केले की नंतर, हे तुम्ही लिहिले नाही. ते आधी व्हायला हवे. ‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, त्याला काय होतंय’ हा गैरसमज घरोघरी आहे. जाड असेलही, पण आजच्या गाडीचा सांगाडा गंजरोधक प्रायमरमध्ये बुडवून काढतात, तशी सोय तेव्हा नव्हती. दाराच्या रबरातून पाणी झिरपते, उंबऱ्याखालच्या पोकळ पट्टीत साठते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग मात्र तुकतुकीत राहतो.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, उंबरे आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापला की उरलेला डबा हातात पिळला जातो, तसेच इथे होते. उंबरा कुजला की गाडी मधोमध वाकते. हे तपासायला अवजारे लागत नाहीत. दार बंद असताना त्याच्या भोवतीची फट पाहून ठेवावी, मग त्या बाजूने जॅक लावून गाडी उचलावी आणि दार उघडून पुन्हा लावावे. फट वरच्या बाजूला मिटली किंवा दार अडखळले, तर सांगाड्यातला जोर गेला समजा. दुसरी युक्ती लोहचुंबकाची. त्याला मऊ फडके गुंडाळून दारांच्या आणि मडगार्डच्या खालच्या कडेने फिरवावे. पत्र्यावर तो धरतो, पुट्टीवर निसटतो. काही गाड्यांत तो हातभर लांब कुठेच धरत नाही, तेव्हा मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

कुजलेला उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्यातिडव्या नळ्या वेल्ड करून सांगाडा ताठ करावा लागतो. ते न करता कापले, तर नवा पत्रा वाकड्या गाडीला बसतो आणि ती कायमची वाकडीच राहते. हे सगळे उरकल्यावर रंगाची पाळी येते. आपल्याकडे बरेचजण उलट क्रमाने जातात, कारण शेजारपाजारच्यांना दिसतो तो रंग.

आता काकांच्या रविवारांचा हिशेब. मूळ गाडीत डायनामो होता. तो वीज देतो इंजिन जोरात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की त्याचे काम जवळजवळ थांबते आणि दिवे, वायपर, हॉर्न सगळे बॅटरीवर पडते. 1966 मध्ये गाडी बहुतेक वेळ धावतच असायची, आज ती निम्मा वेळ उभी असते. अल्टरनेटर कमी फेऱ्यांतही पुरेशी वीज देतो, म्हणून तो बसवला. अल्टरनेटर जुन्याच जागी नटबोल्टने बसवला असेल, मूळ वायरिंग न कापता वेगळी वायर ओढली असेल आणि डायनामो कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला असेल, तर काका कसोटीला उतरले.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे तर बाहेरून कळतही नाही. मेकॅनिक ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्याच्या झाकणाखाली पॉइंट असतात. प्रत्येक ठिणगीला ते उघडतात, हळूहळू जळतात, त्यांची फट बदलते आणि टायमिंग सरकते. त्या जागी काडेपेटीएवढी वस्तू बसते आणि ही रोजची कटकट मिटते. जुने पॉइंट डिकीत ठेवले, की वाटेत बिघाड झाला तरी स्क्रू-ड्रायव्हरने गाडी पुन्हा 1966 मध्ये नेता येते.

डिस्क ब्रेकबाबत मी थोडा सावध आहे. त्यामागचे कारण बरोबर आहे. ड्रम बंद असतो, घाटात सतत ब्रेक दाबला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली खाली जाते. डिस्क उघड्या हवेत असते, म्हणून ती लवकर निवते. पण त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या लाइनवर असत. एक होस फुटला की चारही चाके मोकळी. म्हणून डिस्कच्या आधी दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर बसवावा, असे माझे मत. नुसत्या डिस्क लावल्या आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर तेलाचा हिशेब चुकतो आणि पेडल फार खोल जाते किंवा दगडासारखे कडक होते. कॅलिपर बसवण्यासाठी मूळ स्टब अ‍ॅक्सल घासला किंवा त्यावर वेल्डिंग केले असेल, तर गाडी जुनीही राहिली नाही आणि सुरक्षितही झाली नाही.

नवे इंजिन टाकून मोकळे होता येत नाही, त्याचे कारणही इथेच आहे. ही गाडी सुमारे 40 हॉर्सपॉवरच्या हिशेबाने आखलेली आहे. दुप्पट ताकदीचे इंजिन ठेवले की आधी गिअरबॉक्स रडतो, मग मागचा अ‍ॅक्सल, रेडिएटर पुरत नाही, ब्रेक तर नाहीतच. एकेक बदलत गेले की शेवटी जुन्या टपाखाली दुसरीच गाडी तयार होते. नवी माउंटिंग वेल्ड करायला आणि गिअरबॉक्सला जागा करायला पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा मागे घेता येत नाही. ज्यांना तसे करायचे असेल त्यांनी करावे, तोही छंदच आहे. फक्त मग ‘होती तशी’ म्हणू नये.

कायदाही इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीबुकात नोंद. 2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी आली आहे, पण तिची अटच अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. काकांना तिच्यातून भाजी आणायला जायचे असेल, तर साधी नोंदणी आणि तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण हेच बरे.

प्रश्न : 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने अशा गाडीचे इंजिन खलास होते, असे ऐकले. खरे का?

उत्तर : इंजिन खलास होत नाही, आधी रबर खलास होते. जुने पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरमधला डायफ्राम आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गळणे हाच खरा धोका आहे, म्हणून पाइप आधी बदलावेत, इथेनॉलला टिकणारे घ्यावेत.

दुसरा परिणाम मिश्रणावर. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो मोजून ठरलेल्या भोकातूनच इंधन सोडतो. त्यामुळे हवा जास्त होते, इंजिन तापते, गाडी मिसिंग करते. मेन जेट थोडा मोठा घातला की बरेचसे ताळ्यावर येते. मायलेज काहीसे घटते, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी असते.

इथेनॉल पाणीही शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. टाकीतला जुना गाळही या पेट्रोलने सुटतो, म्हणून पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावावा आणि पहिल्या एकदोन टाक्यांनंतर तो उघडून बघावा.