जुनी एस्टीम, कमी खर्च आणि हिंदमाताचं पाणी

मारुती एस्टीमचं उत्पादन 2007 साली थांबलं, पण तिचं 1298 सीसीचं इंजिन आजही हौशी लोकांना आवडतं. अशी जुनी गाडी हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला: पिकअप कसा वाढवायचा?

आधी गेलेली ताकद परत मिळवा. नवीन स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंजिन ऑइल. कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीची सफाई. मग चांगले टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल. पळणारी गाडी थांबायलाही हवी ना!

यानंतर बरेच जण कोल्ड एअर इनटेक लावतात. थंड हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन जास्त. तत्त्व बरोबर आहे, पण थंड हवेसाठी फिल्टर खाली, बंपरमागे नेतात. आणि आपलं हिंदमाता म्हणजे बशी! आजूबाजूचं पाणी इथेच उतरतं. महापालिकेने जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या, तरी मोठ्या पावसाचा भरवसा नाही. फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्वस्तातल्या पाइपापायी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

म्हणून मूळ डब्यातच बसणारा, धुऊन वापरता येणारा फिल्टर घ्या. फायदा थोडा, पण धोका नाही. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलत बाहेर काढा, मेकॅनिककडून प्लग काढून आत पाणी आहे का ते बघा, मगच चावी फिरवा.