नाताळची बिस्किटं आणि १:२:३ चं गणित

शिक्षकमित्रहो, पालकहो, "ओव्हन नाही, मग बिस्किटं कशी करायची?" हा प्रश्न देवळीसारख्या गावात येणारच. पण कढई असली की हा पाठ अडत नाही.

साहित्य : पिठीसाखर ५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचं हेच जुनं प्रमाण, १:२:३. वजनानेच मोजा. वाटीभर मैदा वाटीभर लोण्यापेक्षा हलका भरतो. का, ते मुलांना विचारा.

कृती : लोणी-साखर फेसून मैदा मिसळा, फार मळू नका. लाटून चांदण्या कापा. जाड कढईत मीठ पसरून झाकण ठेवा, १० मिनिटं तापवा (हे काम मोठ्यांचंच). आत स्टँडवर थाळी ठेवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखर-दुधाची नक्षी काढा. रंगाला बिटाचा रस.

विज्ञान : लोणी मैद्याच्या कणांभोवती बसतं, पाणी आत शिरू देत नाही, म्हणून चिवटपणा येत नाही. शंकरपाळ्यातलं मोहन हेच काम करतं.

स्वाध्याय : ४५० ग्रॅम मैद्याला लोणी, साखर किती?

वर्गात नाताळ साजरा करणारं एखादंच मूल असेल, तर त्या दिवशी घरची पद्धत त्यालाच सांगू द्या. बाकीचे ऐकतील.