घरच्या बोलण्यातून इंग्रजी

प्रस्तावना

संध्याकाळची वेळ आहे. पहिलीत शिकणारी मुलगी दप्तरातून इंग्रजीचे पुस्तक काढते आणि आईसमोर धरते. आईने सातवीनंतर शाळा सोडली होती. आता ती मुक्त विद्यालयातून दहावीचा अभ्यास करीत आहे. ती पुस्तक हातात घेते, दोन पाने चाळते आणि म्हणते, ''उद्या बाईंनाच विचार.'' मुलगी पुस्तक मिटते. त्या दिवसानंतर ती इंग्रजीचे पुस्तक आईकडे आणत नाही.

असा प्रसंग अनेक घरांत घडतो. महाराष्ट्रात पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. सन २००० मध्ये राज्य शासनाने पहिलीपासूनच इंग्रजी विषय सुरू केला. त्यामुळे ज्यांनी स्वतः इंग्रजी उशिरा किंवा अपुरे शिकले, अशा पालकांसमोर एक प्रश्न उभा राहिला : 'आपल्यालाच नीट येत नाही, तर मुलांना काय शिकवणार?' प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला

• लहान मूल भाषा कसे आत्मसात करते, हे सांगता येईल;
• घरातील नेहमीच्या प्रसंगांतून सोपी इंग्रजी वाक्ये वापरता येतील;
• मराठी व इंग्रजी वाक्यरचनेतील काही भेद स्पष्ट करता येतील;
• मुलाची चूक न दुखावता कशी सुधारावी, हे समजेल.

मूळ पाठ

१. आधी कान, मग जीभ

मूल मातृभाषा पुस्तकातून शिकत नाही. 'चेंडू' हा शब्द उच्चारता येण्याच्या कितीतरी आधी, ''चेंडू आण'' म्हटले की ते रांगत जाऊन चेंडू आणते. शब्द कानावर पडतो, त्याच वेळी वस्तू डोळ्यांसमोर असते, आणि अर्थ आपोआप मनात ठसतो. बोलणे त्यानंतर येते.

दुसरी भाषाही याच वाटेने येऊ शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात याच तत्त्वावर एक अध्यापनपद्धती मांडली. शिक्षक ''स्टँड अप'' म्हणतो आणि स्वतः उभा राहतो. विद्यार्थीही उभे राहतात. सुरुवातीला विद्यार्थ्याने बोललेच पाहिजे, असा आग्रह नसतो. घरात यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. ''ओपन द विंडो'' म्हणून खिडकीकडे बोट दाखवावे, ''कम हिअर'' म्हणून हात पुढे करावा. मूल काही दिवस नुसते ऐकेल. ते गप्प आहे म्हणून शिकत नाही, असे समजू नये.

२. ठरलेली वेळ, ठरलेली वाक्ये

घरातील काही कामे रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने होतात. उठणे, अंघोळ, जेवण, शाळेतून परतणे, झोपणे. रोज तेच प्रसंग येत असल्यामुळे तीच वाक्ये स्वाभाविकपणे पुन्हा पुन्हा बोलता येतात. जेवणाच्या वेळचा हा संवाद पाहा :

आई : डू यू वॉन्ट पोळी ऑर राइस?
मुलगी : पोळी.
आई : पोळी, प्लीज.
मुलगी : पोळी, प्लीज.
आई : हिअर यू आर. डू यू वॉन्ट मोअर?
मुलगी : नो, थँक यू.

या संवादात पाच-सहाच वाक्ये आहेत. 'पोळी' हा शब्द मराठीच राहिला आहे, त्याने काही बिघडत नाही. मुलीला खरोखर पोळी हवी आहे आणि ती मिळवण्यासाठी ती बोलते, हे महत्त्वाचे. भाषेची गरज खरी असली की शब्द लक्षात राहतो.

भारतीय भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रकल्प' या नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थाकडे, म्हणजे समोरचे काम पूर्ण करण्याकडे असते, तेव्हा भाषेची रचना त्याच्या मनात चांगली रुजते, अशी त्यामागील धारणा होती. जेवणाच्या ताटावरचा संवाद याच धारणेचे घरगुती रूप होय.

एका आठवड्यात एकच प्रसंग घ्यावा. तो अंगवळणी पडल्यावर दुसरा घ्यावा. दिवसातील दहा मिनिटेही पुरेशी आहेत. मात्र त्यात खंड पडू नये.

३. शब्दांची भेसळ नको, पूर्ण वाक्य हवे

''बाळा, हँड वॉश कर आणि बनाना फिनिश कर,'' असे बोलणे आज अनेक घरांत ऐकू येते. मुलाला इंग्रजी यावे, या सद्हेतूनेच पालक असे बोलतात. परंतु हे वाक्य नीट पाहिले, तर त्याची रचना मराठीच आहे. फक्त 'हात', 'केळे' या शब्दांच्या जागी इंग्रजी शब्द बसवले आहेत. मूल 'केळे' हा शब्द गमावते आणि इंग्रजी वाक्य कसे घडते, हेही त्याला कळत नाही.

त्याऐवजी ''वॉश युअर हँड्स'' हे छोटे, पण पूर्ण वाक्य म्हणावे. ज्या वेळी मराठी बोलायचे, त्या वेळी स्वच्छ मराठी बोलावे. बस, टेबल, पेन्सिल, कप हे शब्द मात्र मराठीत रुळलेले आहेत. मुलाला ते आधीच ठाऊक असतात, म्हणून इंग्रजीची सुरुवात त्यांच्यापासून करणे सोपे जाते. मराठीत आपण 'दोन पेन्सिली' म्हणतो, इंग्रजीत 'टू पेन्सिल्स' होते, एवढा फरक ऐकवला की अनेकवचनाचा पहिला धडा झाला.

४. मराठीच्या आधाराने इंग्रजी

मातृभाषा ही इंग्रजी शिकण्यातील अडथळा नव्हे, आधार होय. पुढील तीन भेद मुलाशी गप्पा मारताना सहज सांगता येतात.

(अ) मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते : 'मी आंबा खाते.' इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते : 'आय ईट अ मँगो.'

(आ) मराठीत 'वर' हा शब्द नामाला मागून जोडला जातो : 'खुर्चीवर'. इंग्रजीत 'ऑन' आधी येतो : 'ऑन द चेअर'. ''व्हेअर इज युअर बॅग?'' असे रोज विचारल्याने हा क्रम व्याकरणाशिवाय कळतो.

(इ) मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशी निवड असते. इंग्रजीत सर्वांना 'यू'. ''आजोबांनाही यू आणि भावालाही यू?'' असे मूल विचारते. तेव्हा त्याला सांगावे की, इंग्रजीत आदर 'प्लीज', 'थँक यू' या शब्दांतून आणि बोलण्याच्या स्वरातून व्यक्त होतो. मराठीत आपण घरात 'कृपया' म्हणत नाही. 'द्या ना', 'देता का' या क्रियापदांच्या रूपांतच नम्रता असते.

५. चूक झाली तर

शाळेतून आलेली मुलगी म्हणते, ''आय ईटेड मँगो.'' येथे ''चूक! पुन्हा म्हण,'' असे म्हटले, तर ती पुढचे वाक्य बोलणार नाही. ''ओ, यू एट अ मँगो! वॉज इट स्वीट?'' असे उत्तर दिले, तर योग्य रूप तिच्या कानावर पडते आणि बोलणेही चालू राहते. शिवाय 'ईटेड' ही चूक आळसाची नाही. 'वॉन्टेड', 'पेंटेड' यांसारखी रूपे ऐकून मुलीने स्वतः नियम शोधला, याची ती खूण आहे.

पाहुण्यांसमोर ''पोएम म्हणून दाखव'' असा आग्रहही टाळावा. त्यातून भाषेपेक्षा परीक्षेची भीतीच वाढते.

६. बरोबरीने शिकणे

पालकाचे उच्चार सदोष असतील, ही शंका रास्त आहे. उदाहरणार्थ, मराठीत 'व' एकच आहे. इंग्रजीत 'वुई' म्हणताना ओठ गोल होतात, तर 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. असे बारकावे शाळेतून, रेडिओवरून किंवा ध्वनिफितींतून शिकता येतात, आणि ते मुलांबरोबर शिकण्यात कमीपणा नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव येथील मराठी मुले घरी एक आणि अंगणात दुसरी भाषा सहज बोलतात. अनेक भाषा पेलण्याची शक्ती मुलांत असतेच. मात्र विचार, गोष्टी आणि माया यांची भाषा घरचीच असावी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या दोहोंनीही प्रारंभिक शिक्षणात मातृभाषेला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

आरंभीच्या प्रसंगातील आईकडे पुन्हा पाहू. मुलीने पुस्तक पुढे धरल्यावर ती म्हणू शकली असती, ''हे मलाही येत नाही. उद्या बाईंना विचार आणि मला शिकव.'' दुसऱ्या दिवशी मुलगी ते पुस्तक घेऊन नक्की आईकडे आली असती.

तुम्ही काय शिकलात?

• मूल भाषा आधी ऐकते, मग बोलते.
• रोजच्या प्रसंगांतील छोटी, पूर्ण वाक्ये उपयुक्त ठरतात.
• मराठी पक्की असणे इंग्रजी शिकण्यास साहाय्यक ठरते.
• योग्य रूप ऐकवून चूक सुधारावी. मुलाला ओशाळे करू नये.

पाठान्त प्रश्न

१. 'हँड वॉश कर' आणि 'वॉश युअर हँड्स' या दोन वाक्यांतील भेद स्पष्ट करा.
२. मराठी व इंग्रजी भाषांत आदर कसा व्यक्त होतो, ते सोदाहरण लिहा.
३. 'ईटेड' ही चूक मुलाच्या प्रगतीची खूण का मानावी?
४. उपक्रम : झोपण्याच्या वेळी मुलाशी बोलता येतील अशी पाच इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहा. आठवडाभर ती वापरा आणि मुलाने कोणते वाक्य सर्वांत आधी स्वतःहून उच्चारले, याची नोंद करा.