लघवीचा वास

हा धडा उघडला की काही मंडळी हसतील. काही जणी तोंडाला पदर लावतील. "गुरुजी, हा काय वाचायचा विषय झाला?" असे कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. बैल लाल मुतला तर शेतकरी घटकाभर थांबत नाही. लगेच गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. मग आपल्या स्वतःच्या लघवीकडे बघायची लाज कशाला?

आधी माझीच गोष्ट सांगतो. मला साखरेचा आजार आहे. नोकरीतून मोकळा झालो त्याच वर्षी तो कळला. गोळ्या चालू आहेत. कुणीतरी सांगितले, रात्री मेथीचे दाणे भिजत घाला आणि सकाळी पाण्यासकट खा. मी रोज चमचाभर दाणे खाऊ लागलो. चार-पाच दिवस गेले. एके सकाळी पाहतो तो लघवीला गोडसर वास! गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला काकवी करपली की जसा वास सुटतो ना, अगदी तसा.

माझ्या पोटात गोळाच आला. म्हटले, झाले! अंगातली साखर आता लघवीतून वाहू लागली. त्या दिवशी जेवण गेले नाही. घरात कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी. ने तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रक्त तपासले, लघवी तपासली. मग म्हणाल्या, "गुरुजी, साखर होती तेवढीच आहे. हल्ली नवीन काय खाता?"

मी मेथीचे सांगितले. त्या हसल्या. "मग तो मेथीचाच वास. अहो, साखरेला वास असतो का? घरी जाऊन साखरेचा डबा हुंगून बघा."

इतकी वर्षे मी मुलांना शास्त्र शिकवले, पण एवढी गोष्ट मला सुचली नव्हती. भीती वाटली की माणसाची अक्कल पळते. निघताना बाईंनी एक बजावले. "मेथी खायची तर खा, पण तिच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. आणि इथे याल तेव्हा मेथी घेता हे सांगत जा."

आता हा वास लघवीत येतो कसा ते पाहू.

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळतात. विहिरीवर मोट चालावी तसे त्यांचे काम रात्रंदिवस चालू असते. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लीटर पाणी गाळून काढतात. त्यातले जवळजवळ सगळे पुन्हा रक्तात सोडतात. उरते ते लीटर-दोन लीटर. तीच आपली लघवी. तिच्या शंभर भागांत पंचाण्णव भाग पाणीच असते. बाकी थोडे मीठ, थोडा यूरिया आणि अंगाला नको असलेल्या इतर गोष्टी.

यूरिया म्हणजे कुठला? तर आपण शेतात टाकतो तोच. खताच्या गोणीतला यूरिया कारखान्यात होतो, लघवीतला आपल्या काळजात, म्हणजे यकृतात. पदार्थ एकच. १८२८ साली वोलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रथम प्रयोगशाळेत तयार केला, तेव्हा लोक थक्क झाले होते. प्राण्याच्या अंगाबाहेर असली वस्तू तयार होईल असे कुणाला वाटतच नव्हते.

ताज्या लघवीला वास अगदी थोडा असतो. ती साचून राहिली की जंतू त्यातला यूरिया फोडतात आणि अमोनिया नावाचा वायू सुटतो. सकाळी गोठा काढायला उशीर झाला तर नाकाला झोंबतो तो हाच. आम्ही शाळेत नवसागर आणि चुना एकत्र खलून मुलांना लांबून हुंगायला देत असू. मुले नाक धरून पळत. तोही अमोनियाच. म्हणून मोरीत वास मारला तर तो लघवीचा की न धुतलेल्या मोरीचा, हे आधी बघावे. पुष्कळदा दोष मोरीचा निघतो.

राहिला खाण्याचा वास. आपण खातो त्यात वासाचे बारीक कण असतात. काही पोटात जिरून जातात. काही मात्र तसेच, किंवा थोडे रूप पालटून, रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मेथीतल्या अशा द्रव्याला सोटोलोन म्हणतात. ते इतके तेज असते की चिमूटभरसुद्धा नाकाला कळते. ते घामातूनही निघते. माझ्या सदऱ्याला वास येत होता तो त्याचाच. आणि आमच्या घरी सगळे धोब्याला नावे ठेवत होते!

लसणाची तऱ्हा वेगळी. अख्खी पाकळी हुंगून बघा, वास बेताचा. तीच ठेचली की घरभर दरवळते. ठेचताना लसणातले दोन पदार्थ एकत्र येतात आणि त्यातून नवे, गंधक असलेले वासाचे पदार्थ तयार होतात. ते तोंडाला येतात, लघवीत उतरतात, आईच्या दुधातही जातात. तोंड कितीही धुतले तरी लसणाचा वास लगेच जात नाही, कारण तो नुसता तोंडात नसतो, रक्तात असतो. कांदाही त्याच कुळातला. कॉफी पिणाऱ्यांना कॉफीचा वास येतो. डॉक्टर बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, त्यांनी लघवी हळदीसारखी पिवळीजर्द होते आणि औषधासारखा वास मारते. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी लालसर दिसते. बीट खाल्ल्याचे आठवले नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो.

आपल्या शतावरीची एक विलायती बहीण आहे. तिचे कोवळे कोंब गोरे लोक भाजी म्हणून खातात. ते खाल्ले की थोड्याच वेळात लघवीला कुजक्या कोबीसारखा वास येतो. अमेरिकेचे मोठे पुढारी बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच ही गोष्ट लिहून ठेवली आहे. गंमत अशी की हा वास सगळ्यांना येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळजवळ सात हजार अमेरिकन लोकांना विचारले होते, तर निम्म्याहून जास्त जण म्हणाले, "आम्हाला काही वास येत नाही." नाकानाकात जन्मापासूनच फरक असतो. तेव्हा नवऱ्याला वास आला आणि बायकोला आला नाही, तर त्यावरून भांडू नये.

खाण्याचा वास ओळखायचा कसा? ती वस्तू दोन दिवस बंद करा आणि पाणी बऱ्यापैकी प्या. वास खाण्याचा असेल तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. जळजळ नाही, ताप नाही, दुखणे नाही. मी मेथी दोन दिवस बंद करून पाहिली. वास गेला. पुन्हा सुरू केली, वास आला. खात्री पटली.

इथेच मी चुकलो. ती चूक सांगण्यासाठीच हा धडा लिहायला घेतला आहे.

ही मेथीची गोष्ट मी घरात आणि पारावर इतक्या वेळा रंगवून सांगितली की सगळ्यांना ती पाठ झाली. त्याच उन्हाळ्यात कांदा काढणी चालू होती. आमची थोरली सून सकाळी रानात जायची ती दिवे लागताना परतायची. एकदा ती सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, लघवीला फार घाण वास येतोय." आमच्या घरातून मला विचारणे झाले. मी ऐटीत सांगितले, "दिवसभर कांद्यात बसते, भाकरीबरोबर कांदा खाते, लसणाची चटणी खाते. दुसरे काय असणार? माझे नाही का तसेच झाले होते!" झाले. गुरुजींनीच सांगितल्यावर पुढे कोण बोलणार?

तिला जळजळ होत होती. घडीघडीला जावे लागत होते आणि दोन-चार थेंबच होत होते. हे ती मला कशी सांगणार? आणि सासऱ्याने सुनेला हे विचारावे कसे? मी विचारले नाही. कांदा आणि चटणी तर आम्ही सगळेच खात होतो, मग वास तिलाच का, एवढा साधा प्रश्नही माझ्या डोक्यात आला नाही.

पंधरा दिवसांनी तिला हुडहुडी भरली. ताप चढला, पाठीत बरगडीखाली कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेले तेव्हा कळले की लघवीच्या वाटेत जंतू शिरले होते, ते वर चढत मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. सुईतून औषधे द्यावी लागली. आठवडाभर ती खाटेवर होती. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन दिवसांत आला असता तर थोड्या गोळ्यांवर भागलं असतं." मी मान खाली घातली.

बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा फार जास्त होतो. त्यांची लघवीची नळी जेमतेम दीड इंचाची, पुरुषाची सात-आठ इंचाची. जंतूंना वाट जवळची पडते. त्यात आमची सून रानात पाणीच पीत नव्हती. का, तर उघड्या माळावर आडोसा नव्हता. पाणी प्यायले तर जावे लागेल, म्हणून घसा कोरडा ठेवायचा, आणि आलीच तर दाबून धरायची. ऊसतोडीच्या बायांना विचारा, त्या हेच सांगतील. पाणी कमी पडले की लघवी कडक चहासारखी गडद होते आणि उग्र वास मारते. पाणी पोटात नीट जात असेल तर ती लिंबाच्या सरबताइतकी फिकी असते. (डॉक्टरांनी ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र त्यांचेच ऐकावे.)

तेव्हा वासाबरोबर जळजळ असेल, थेंब थेंब होत असेल, लघवी गढूळ किंवा लाल असेल, ओटीपोट दुखत असेल, थंडी वाजून ताप असेल, तर कांद्यालसणाला दोष देऊ नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. बाईचा पाय जड असेल तर त्याच दिवशी जा.

साखरेच्या आजाराचेही थोडे सांगायला हवे. लघवीत साखर उतरली की तिला मुंग्या लागतात. चरकसंहितेतही हे लक्षण सांगितलेले आहे. पण मुंग्यांची वाट बघत बसू नये, तपासणी करावी. साखर फार बिघडली की अंग चरबी जाळू लागते. मग श्वासाला आणि लघवीला पिकून उतरलेल्या फळासारखा आंबूस-गोड वास येतो. तहान आवरत नाही, उलट्या होतात, माणूस गुंगतो. अशा वेळी रात्र असली तरी गाडी जोडावी.

बाळंतिणीला आपण मेथीचे लाडू देतो. त्याने तिच्या अंगाला आणि कधी तान्ह्याच्या लंगोटालाही तो काकवीचा वास येतो. जन्मतःच जडणारा एक दुर्मिळ पण घातक आजार आहे, त्यातही बाळाच्या लघवीला नेमका हाच वास येतो. आईने मेथी खाल्ली होती आणि डॉक्टरांना त्या आजाराची शंका आली, असे खरोखर घडलेले आहे. म्हणून बाळ नीट पीत असेल, रडत असेल, तरी लाडवांचे डॉक्टरांना सांगावे. आणि बाळ मलूल पडले, अंगावर पिईना, तर लाडवांवर सोडू नये. तसेच उचलून न्यावे.

आमची सून बरी झाली. यंदा काढणी सुरू होण्याआधी थोरल्याने बांधाच्या कोपऱ्याला चार बांबू रोवले आणि जुनी गोणपाटे शिवून आडोसा केला. आत पाण्याची घागर आणि तांब्या ठेवला. खर्च म्हणाल तर फक्त सुतळीचा. सून आता रानात जाताना पाण्याची कळशी भरून नेते. आणि शेजारच्या तीन बांधांवरच्या बायाही त्याच आडोशाला येतात.