‘इंजिन उतरवावंच लागेल, साहेब!’

“मागचं सील गेलंय साहेब, इंजिन उतरवावंच लागेल.” टॉर्चचा एक झोत गाडीखाली मारून गॅरेजच्या मालकांनी निकाल दिला. इंजिन धुणं नाही, बॉनेट उघडून वरून नजर टाकणं नाही. वर पुस्ती, “उतरवतोच आहोत तर रिंग-पिस्टनचंही बघून घेऊ.” प्रस्तुत लेखकाच्या मारुती ८००चं ऑइल तेवढं गळत होतं; ती ना धूर सोडत होती, ना तिचा पिकअप कमी झाला होता. मग रिंगांचा विषय कुठून आला, असं विचारताच मालक चिंधीला हात पुसत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ‘चेकिंग’चे पैसे मात्र न विसरता घेतले.

उलगडा झाला तो त्याच गॅरेजात, दोन हात पलीकडे. तिथे दुसऱ्या एका ८००ची क्लच प्लेट बदलणं चाललं होतं. गिअरबॉक्स जमिनीवर, फ्लायव्हील उघडं, आणि इंजिन जॅक नि लाकडी ठोकळ्याच्या आधाराने जागच्या जागी! क्रँकचं ते ‘मागचं’ सील असतं याच फ्लायव्हीलच्या आड. काम करणाऱ्या पोराला विचारलं, तर तो सहज म्हणाला, “हो, इथूनच बदलतो ना.” मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा मुकाट पुन्हा पान्याला लागला. “तुमची केस वेगळी आहे,” एवढंच लेखकाला ऐकवण्यात आलं. काय वेगळी, ते आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी इंजिन डिग्रीझरने धुतलं, कोरडं केलं, बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी फिरवून आणायला सांगितली. पांढऱ्या पावडरीवर ओघळ उमटला तो टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यापासून. तिथलं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक झालं होतं. ऑइल ब्लॉकवरून खाली उतरत गिअरबॉक्सच्या जोडापाशी ठिबकत होतं. मागचं सील गेलं तरी थेंब तिथेच पडतो. म्हणून गळती शोधायची ती सगळ्यात वरच्या ओल्या जागेपासून. पॅकिंग बॉनेट उघडून वरूनच बदललं गेलं. सील शाबूत होतं!

८००चं उत्पादन १९८३ ते २०१४ चाललं. त्यामुळे तिचं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन न हाताळलेला मेकॅनिक सापडणं कठीण. तरीही काही गोष्टी गाडीच्या मालकानेच डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. टॅपेट कव्हरचे बोल्ट करकचून आवळू देऊ नयेत. पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही गळतं. इंजिनखालच्या ऑइल चेंबरला सिलिकॉन लावायचंच, तर बारीक रेघ पुरे. जास्तीचं आत दबतं, तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवून तात्पुरता दिलासा देतात. फाटलेलं सील त्यांनी सांधलं जात नाही. ब्रीदरचा पाइप तुंबला असेल तर आत दाब साठतो आणि नवं सीलही ऑइल सोडू लागतं. हा पाइप तपासणं फुकटात होतं, बहुधा म्हणूनच कोणी तपासत नाही. बाकी लेखी एस्टिमेट घ्यावं, जुने पार्ट परत मागावेत, वगैरे नेहमीचंच.

मागचं सील खरोखरच गेलं असेल, तर ते क्लचच्या कामासोबत करून घ्यावं, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. चेंबरचं पॅकिंग बदलायचं, तर काही गाड्यांत चेंबरखाली आडवा क्रॉसमेंबर असतो; तिथेसुद्धा अनेकदा माउंटिंग सोडून इंजिन थोडं वर उचललं की चेंबर निघतं. पुढचं क्रँक सील किंवा कॅमचं सील गळत असेल, तर पुली आणि टायमिंग बेल्ट काढून तेही जागेवरच बदलता येतं. फक्त ऑइलने भिजलेला बेल्ट पुसून परत चढवू देऊ नये. तो नवाच टाकायचा, मेकॅनिक कितीही “चालेल साहेब” म्हणाला तरी.