यादीतलं पहिलं नाव झाकून ठेवा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचा रविवार जवळ आला की आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक वाद हमखास रंगतो: यंदा एलिट फील्ड, म्हणजे अव्वल धावपटूंचा ताफा, तगडी आहे की नाही? मी स्वतः मागच्या गर्दीतला गडी. पहाटेची हाफ उरकायची आणि मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी थांबून फुल मॅरेथॉनवाल्यांची वाट बघायची, हा माझा जुना शिरस्ता. जगभरच्या मोठ्या शर्यतींच्या याद्या वाचायचा नादही त्यातूनच लागला. त्या नादातून हाती आलेल्या या काही गोष्टी.

१. बोट सहाव्या-सातव्या नावावर ठेवा.
पोस्टरवर एकच नाव झळकतं. २०१८ च्या बर्लिनमध्ये एलिउड किपचोगेने २:०१:३९ असा जागतिक विक्रम केला. दुसरा आलेला एमॉस किप्रुटो २:०६:२३ ला पोचला, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मिनिटांनी. किपचोगेची धाव अजोडच होती, पण त्याची झुंज घड्याळाशी चालली होती, शेजारच्याशी नाही. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत मोसिनेत गेरेमेव २:०४:०० ला जिंकला आणि सातवा आलेला सेइफू तुरा २:०४:४४ ला. चव्वेचाळीस सेकंदांत सात माणसं, सातही इथिओपियाची! एका शर्यतीत सात पुरुषांनी २:०५ च्या आत येणं त्याआधी कुठेच घडलं नव्हतं. विक्रम बर्लिनला झाला, शर्यत दुबईला झाली.

२. नाव ओळखीचं नाही म्हणून फील्ड हलकी ठरत नाही.
दुबईत नोकरी करणारा माझा मावसभाऊ त्या शर्यतीचा निकाल बघून म्हणाला होता, ‘अरे, यातलं एक नाव ऐकलेलं असेल तर शपथ!’ पण पुढे त्या सातांनी काय केलं ते बघा. त्यांतल्या बिरहानू लेगेसेने टोकियो दोनदा जिंकली. तुराने २०२१ ची शिकागो घेतली. सिसाय लेमा २०२१ ला लंडनमध्ये आणि २०२४ ला बोस्टनमध्ये पहिला आला. तमिरात तोलाने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण नेलं. आपल्याकडेही तेच. २००४ ची पहिली मुंबई मॅरेथॉन जिंकणारा दक्षिण आफ्रिकेचा हेन्ड्रिक रामाला त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचा विजेता झाला. तेव्हापासून मी प्रत्येक यादी जपून ठेवतो. काही याद्यांचं मोल पाच-सहा वर्षांनी कळतं.

३. पीबीच्या (वैयक्तिक सर्वोत्तम वेळेच्या) शेजारी गावाचं नाव वाचा.
इथिओपियाचा हायले लेमी घ्या. २०१६ च्या जानेवारीत दुबईत २:०४:३३. त्याच एप्रिलमध्ये बोस्टन जिंकला, पण वेळ २:१२:४५. मग २०२३ ला मुंबईत २:०७:३२, आणि तो इथला स्पर्धाविक्रम ठरला. माणूस एकच, वेळा तीन तऱ्हेच्या. दुबईचा रस्ता सपाट आणि सरळ. बोस्टनला शेवटच्या टप्प्यात चढ येतात. मुंबईत सूर्य वर चढतो, हवा दमट होते आणि परतीच्या वाटेवर, पाय नेमके जड झाल्यावर, पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. म्हणून मुंबईतला २:०८ चा धावपटू बर्लिनमधल्या २:०५ वाल्यापेक्षा कच्चा, असं मी एका झटक्यात म्हणणार नाही. तारीखही वाचायची. चार वर्षांपूर्वीचा पीबी म्हणजे त्याची आजची तयारी नव्हे.

४. पेसर आहेत का, हे आधी बघा.
पेसर, म्हणजे वेग राखून द्यायला पुढे धावणारे, असले की पुढची टोळी ठरलेल्या वेगाने जाते आणि अखेर ज्याचे पाय सगळ्यात वेगवान, त्याचं फावतं. बोस्टन आणि न्यूयॉर्कला पेसर नसतात. तिथे एकमेकांची तोंडं बघत धावणं चालतं आणि डोकं असलेल्याला संधी मिळते. २०१४ ला बोस्टनच्या यादीत डेनिस किमेटोसारखे २:०३ वाले होते. ३८ वर्षांच्या मेब केफ्लेझिघीचा पीबी २:०९:०८. तो लवकर पुढे निघाला, मागच्यांनी त्याला जाऊ दिलं आणि तो २:०८:३७ ला जिंकला. तगड्या फील्डमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याने पाठलाग करावा म्हणून थांबतो, हेही एक सत्य. उलट २००३ च्या बर्लिनला पॉल टेर्गाट २:०४:५५ ला जिंकला, तेव्हा त्याच्या मागे एका सेकंदावर आलेला सॅमी कोरीर पेसर म्हणूनच उतरला होता. तेव्हा पेसरांची नावंही वाचत चला.

५. ऑलिम्पिकपेक्षा शहराची शर्यत भारी असू शकते.
ऑलिम्पिकमध्ये एका देशाचे तीनच धावपटू. केनिया-इथिओपियात चौथा आणि दहावा यांच्यात फरक तो किती! पॅरिससाठी इथिओपियाच्या संघात सिसाय लेमा होता, तोला राखीव. लेमा दुखापतीने बाहेर पडला, राखीव तोला उतरला आणि २:०६:२६ असा ऑलिम्पिक विक्रम करून सोनं घेऊन गेला. आता विचार करा, संघात न बसलेली बाकीची मंडळी कुठे धावतात? लंडन, शिकागो, दुबई, मुंबई.

६. बायकांची यादी वेगळी काढून वाचा.
लंडनमध्ये एलिट महिला पुरुषांच्या आधी सुटतात, पुरुष पेसर नाहीत. २०२४ ला तिथे पेरेस जेपचिरचिर २:१६:१६ ला पहिली आणि चौथी मेगेर्तू अलेमू २:१६:३४ ला. अठरा सेकंदांत चौघी! त्या वर्षी लंडनच्या दोन्ही शर्यतींत मला जास्त रंगलेली हीच वाटली.

७. यादी हे केवळ आमंत्रण.
अव्वल धावपटू वर्षाकाठी साधारण दोनच मॅरेथॉन धावतात, त्यामुळे एका शहराने ओढलं की दुसऱ्याची यादी रोडावते. त्यात हवा कुणाच्या हातात? २०१८ ची बोस्टन कडाक्याच्या थंडीत, पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली. कितीतरी मोठी नावं वाटेतच थांबली. जपानचा सरकारी नोकरी सांभाळून धावणारा युकी कावाउची २:१५:५८ ला जिंकला आणि महिलांत दुसरी आली ती पेशाने परिचारिका असलेली सेरा सेलर्स. कागदावर तगडी आणि रस्त्यावर तगडी, या दोन वेगळ्या फील्ड आहेत.

८. आपल्या धावपटूंसाठी ‘तगडी’चं माप वेगळं.
२०१६ ला मुंबईत केनियाचा गिडिऑन किपकेटर २:०८:३५ ला जिंकला. भारतीयांत पहिला नितेंद्रसिंग रावत, २:१५:४८. म्हणजे विजेता पोचला तेव्हा रावत दोन किलोमीटरहून जास्त मागे. इतक्या पुढच्या पाठीचा आपल्या माणसाला काय उपयोग? उपयोग झाला तो शेजारच्याचा. गोपी टी. पेसर म्हणून उतरला होता. तो थांबलाच नाही, २:१६:१५ ला भारतीयांत दुसरा आला. खेता राम तिसरा. तिघेही रिओ ऑलिम्पिकला गेले आणि तिथे गोपी २५वा, खेता राम लगेच एका सेकंदाने २६वा. गोपीची वेळ २:१५:२५.

शिवनाथ सिंग यांनी १९७८ ला जालंधरमध्ये २:१२:०० ची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. माझ्या मते परदेशी पाहुणे वाढवून अशी वेळ मोडत नाही. २:१५ च्या आसपासचे चार-पाच भारतीय एकाच टोळीत, एकाच पेसरमागे पस्तीस किलोमीटरपर्यंत टिकले तर मोडते. म्हणून ग्रुपमध्ये वाद सुरू झाला की माझा प्रश्न ठरलेला असतो: पहिल्या परदेशी नावाचा पीबी नंतर सांगा, पाचव्या भारतीयाचा किती आहे?