रिकामी आज्ञा

लिनक्स संगणकावर दिलेल्या आज्ञेचे शब्द अनुक्रमे एका यादीत बसतात. शून्य क्रमांकावर आज्ञावलीचे स्वतःचे नाव असावे, हा केवळ संकेत होय. प्रशासकाचे अधिकार वापरू देणाऱ्या ‘पीकेएक्झेक’ या आज्ञावलीने मात्र २००९ पासून तो नियमच मानला व वाचन क्रमांक एकपासून आरंभले. यादीच रिकामी मिळाली, तर ती यादीबाहेरच्या स्मृतीत वाची. इतकेच नव्हे, तेथे लिहीही. मराठी वाक्यात कर्ता अध्याहृत चालतो. येथे त्यापायी सामान्य वापरकर्ता संगणकाचा धनी होऊ शके! जानेवारी २०२२ मध्ये क्वालिसच्या संशोधकांनी ही उणीव उघडकीस आणली. उपाय अगदी लहान : शब्दसंख्या एकाहून कमी असल्यास तत्काळ थांबावे. त्याच वर्षी लिनक्सचा गाभाही रिकाम्या यादीत एक कोरा शब्द घालू लागला.